सालेमच्या कोंबड्या आणि छातीवरचा भार

मा. संपादक,

रविवार पुरवणीतील, अमेरिकेतल्या सालेम गावच्या १६९२ सालच्या चेटूक-खटल्यांवरील लेखात साक्षीदारांना सरसकट खोटारडे ठरवले आहे. काही असतीलही, पण जॉन लाउडरची साक्ष त्या रांगेत बसत नाही. भर मध्यरात्री छातीवर मोठा भार आला म्हणून तो जागा झाला. लख्ख चांदण्यात पाहतो तो पोटावर खटल्यातली आरोपी ब्रिजेट बिशप, ‘किंवा तिच्यासारखी आकृती’, बसलेली. (खोटे बोलणारा हे ‘किंवा’ कशाला घालील?) सुटायला हात काढले तर तिने गळा धरला, आणि हातांत त्राणच नव्हते.

हा निद्रा-पक्षाघात आहे. स्वप्नांच्या झोपेत मेंदू डोळे आणि श्वासपटल सोडून बहुतेक स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर स्वप्नातली मारामारी अंथरुणातच झाली असती. कधीकधी जाग आधी येते आणि अंग काही सेकंद ते एक-दोन मिनिटे तसेच जखडलेले राहते. डोळे उघडे, म्हणून चांदणे खरे. स्वप्न अजून चालू, म्हणून बाई खोटी. फासळ्यांमधले स्नायूही ढिले असल्याने मुद्दाम खोल श्वास घेऊ गेले तर तो येत नाही, तेव्हा छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते. आपण ‘भुताने दाबले’ म्हणतो, जपानी लोक ‘कानाशिबारी’. इंग्रजी ‘नाइटमेअर’मधली ‘मेअर’ही घोडी नव्हे, छातीवर बसणारी ‘मारा’ नावाची हडळ.

मग ब्रिजेटच का दिसली? तिच्या कोंबड्या बागेत शिरत, त्यावरून लाउडरचे तिच्याशी वाजले होते. घाबरलेला मेंदू आकृतीला ओळखीचा चेहरा चिकटवतो. प्रसंगही खटल्याच्या सात-आठ वर्षे आधीचा. तरी कोर्टाने तो ऐकून घेतला, आणि १० जून १६९२ रोजी तिला फाशी झाली. त्या खटल्यांतली ती पहिली.

असा अनुभव येणाऱ्यांना लेखाच्या शेवटी नुसते ‘घाबरू नका’ म्हटले आहे. उताणे झोपणे, अपुरी झोप आणि कामाच्या बदलत्या पाळ्या यांनी हा प्रकार वाढतो, म्हणून कुशीवर झोपावे. अंग अडकलेच तर उठून बसण्यासाठी धडपडू नये, त्याने गुदमरल्याची भावना वाढते. श्वास आपोआप चालू द्यावा, डोळे फिरवावेत, पायाचे एखादे बोट हलवायचा प्रयत्न करावा. मात्र दिवसा झोप आवरत नसेल किंवा हसताना गुडघे लटके पडत असतील, तर नार्कोलेप्सी या झोपेच्या विकाराची तपासणी करून घ्यावी.

– एक वाचक, सातारा