सीट उलटी करून बघणाऱ्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

मोटरसायकलच्या सीटसाठी आभारपत्र लिहितेय म्हटल्यावर घरात सगळे हसले. हसू देत. ज्यांच्या गाडीची सीट चावी फिरवली की टक् करून सुटते, त्यांना यातलं काही कळायचं नाही. पण ज्यांची सीट मागे दोन बोल्टांवर बसते आणि बॅटरी, फ्यूज, एअर फिल्टर सगळं त्या सीटच्या पोटात असतं, त्यांना मी काय म्हणतेय ते पहिल्या ओळीतच समजेल. त्यात माझं उजवं मनगट पूर्वी मोडलेलं. एका हाताने सीट दाबून धरायची, दुसऱ्याने बोल्ट भोकात धरायचा आणि तिसऱ्याने पाना फिरवायचा, असं ते काम. तिसरा हात आणायचा कुठून?

तुमच्या आधी गाडी ज्यांच्याकडे गेली त्यांची नावं घेत नाही, पण त्यांचे पराक्रम तुम्हाला सांगायलाच हवेत, कारण तुम्ही तेव्हा एका शब्दाने विचारलं नाहीत. एकाने सीटवर गुद्दे घातले. एकाने मदतनीस पोराला सीटवर उड्या मारायला लावलं आणि तेवढ्यात खालून बोल्ट कसाबसा ओढून घेतला. एकाने बोल्ट तिरकाच घुसवला आणि जोर लावून फिरवत राहिला. नट फ्रेमलाच वेल्ड केलेला असतो, त्याचे आटे गेले तर नुसता बोल्ट बदलून भागत नाही, हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. फक्त गाडी त्याची नव्हती. आणखी एकाने तर मोठ्या समजूतदारपणे सांगितलं, "या मॉडेलची सीट अशीच असते हो. तुम्हाला काढायचीच कशाला? बॅटरी गेली की आणा आमच्याकडे." सीटचं कव्हर ज्यांनी बदललं होतं, त्यांचं एकच पालुपद: आमच्याकडून सीट व्यवस्थित गेली होती.

तुम्ही काय केलंत? आधी टाकीवर एक फडकं टाकलंत, सीटची जीभ, म्हणजे फ्रेममध्ये सरकणारं तिचं पुढचं टोक, घासून रंग उडू नये म्हणून. आधीच्या मंडळींनी काढलेले ओरखडे तिथे होतेच, पण तुम्ही त्यात भर पडू दिली नाहीत. मग सीट उचलून बाकावर उलटी ठेवलीत आणि तिच्या तळावरून बोटं फिरवलीत. सीट अडते म्हणून इतक्या जणांनी तिच्याशी कुस्ती खेळली, पण ती उलटी करून बघावी असं एकाच्याही मनात आलं नव्हतं. बोट पुढे जिभेपाशी थांबलं. कव्हर बदलणाऱ्याने उरलेलं रेक्झीन कापायचा कंटाळा केला होता. दुहेरी घडी घालून जिभेच्या अगदी मुळाशी पिना ठोकल्या होत्या. त्या घडीच्या जाडीमुळे जीभ फ्रेमच्या आडव्या पट्टीखाली पूर्ण सरकतच नव्हती.

"पुढे अडलंय, आणि सगळे मागे मारतायत," एवढंच तुम्ही म्हणालात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

पुढे ४-५ मिलिमीटर कमी सरकली की मागची भोकंही तेवढीच मागे राहणार. दहाच्या पान्याने फिरणारा बोल्ट जाडीला ६ मिलिमीटर. म्हणजे भोक जवळजवळ झाकलेलंच. मग बोल्ट तिरका शिरणार नाही तर काय? इतका साधा हिशोब, पण तुम्ही सांगेपर्यंत मला कोणी सांगितला नव्हता. तुम्ही जादा रेक्झीन कापलंत, पिना बाजूला घेऊन ठोकल्यात आणि जीभ सुळकन आत गेली.

पुढचं बारीकसारीक सगळं इथे मांडत बसत नाही. पण त्या कॉलरचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. कॉलर म्हणजे सीटच्या पट्टीतल्या रबरात असते ती छोटी लोखंडी नळी, तिच्यामुळे बोल्ट कितीही आवळला तरी रबर चेपून मरत नाही. एका बाजूची ती नळी गायब होती, म्हणून त्या बाजूचं रबर चपटं झालं होतं आणि सीट डुगडुगत होती. तुम्ही लोहचुंबकाची कांडी फ्रेममध्ये फिरवलीत आणि ती नळी निघाली बॅटरीच्या ट्रेमधून. बॅटरीच्या टर्मिनलशेजारी सुटं लोखंड! कोणाच्या तरी हातून ती पडली, त्याने ऐकलं असणार, आणि वर सीट लावून गाडी माझ्या हवाली केली. तुम्ही यावर काही बोलला नाहीत. नळी पुसून जागेवर बसवलीत, रबराला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावलंत. साधं ग्रीस का नको असं मी विचारलं, तर म्हणालात की त्याने काही रबरं फुगतात. संपलं व्याख्यान.

आणि ते बोल्ट. लेथवर तुम्ही त्यांची टोकं निमुळती करून दिलीत. आता बोल्ट आपलं भोक आपणच शोधतो. वॉशरला ग्रीसचा ठिपका लावला की तो बोल्टला चिकटून राहतो, पडत नाही. दोन्ही बोल्ट आधी बोटांनी चार आटे फिरवायचे आणि मगच पाना हातात घ्यायचा. तिसऱ्या हाताची गरजच उरली नाही.

पण काका, हे पत्र खरं तर त्यानंतरच्या पाच मिनिटांसाठी आहे.

सीट बसली होती, बोल्ट आवळून झाले होते. मी पैसे काढायला पर्समध्ये हात घातला. तुम्ही दोन्ही बोल्ट पुन्हा काढलेत, सीट उचलून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आता तुम्ही." आणि पाठ फिरवून बाकाकडे गेलात. तिथे पाने पुसत बसलात. ते पाने स्वच्छ होते, मला दिसत होतं.

माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. एक वॉशर खाली पडला, चांगला आवाज झाला. तुम्ही मान वळवली नाहीत. जीभ एकदा वाकडी गेली, मी सीट बाहेर ओढून पुन्हा घातली. तरी तुम्ही पाने पुसतच होता. आतापर्यंत अशा वेळी मला एकच वाक्य ऐकायची सवय होती: "द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं." ते वाक्य बोलणारी सगळी माणसं वाईट नसतात, घाईत असतात, एवढंच. पण त्या वाक्यानंतर आपला हात मागे येतो तो येतोच. दोन्ही बोल्ट लागले, सीट पुढून आणि मागून उचलून बघितली, हलली नाही. मी "झालं" म्हटल्यावर तुम्ही वळलात, सीटला हातसुद्धा न लावता म्हणालात, "बसली."

तपासून बघितलं नाहीत. पाठमोरे राहून तुम्ही बोल्टांचा आवाज ऐकत होता असा माझा संशय आहे, पण तो संशय माझ्याजवळ राहू दे.

हुशार कारागीर मी पुष्कळ पाहिलेत. समोरच्याला अडाणी न वाटू देता शिकवणारा क्वचित भेटतो. आपली कला आपल्यापाशी राहिली तर गिऱ्हाईक परत येईल, हे गणित तुम्हालाही कळतं. तुम्ही ते गणित मांडलं नाहीत. पैसेही घेतलेत ते फक्त लेथच्या कामाचे, आणि रेक्झीन कापण्याचे किती म्हटल्यावर माझ्याकडे असं बघितलंत, की मी मुकाट्याने पर्स बंद केली. अशी माणसं आरडाओरडा करत नाहीत म्हणून त्यांची मोजदाद होत नाही. आपण तक्रारी मात्र पानंच्या पानं लिहितो. मीही लिहिल्यात.

बॅटरी आता मीच काढते, चार्ज करते, परत लावते. मनगट कुरकुरत नाही, कारण दाबायचं काही उरलेलंच नाही.

एक विचारायचं होतं. तो तिरका बोल्ट घुसवणारा परवा भेटला. सीट कोणी केली म्हणून विचारत होता, तुमचा निमुळता बोल्ट हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितला त्याने. मग खालच्या आवाजात म्हणाला, मला दाखवतील का ते? मी हो म्हणून टाकलंय. मुलगा तसा वाईट नाही, त्याला कोणी शिकवलेलं नाही. शनिवारी पाठवू का?

आपली,
दहाचा पाना आता स्वतःचा घेतलेली