नाव नसलेला दगड

सातारा

चि. सोनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा पाचगणीला आपण ते गाव वसवणाऱ्या जॉन चेसनची कबर पाहायला सेंट पीटर्स चर्चच्या आवारात गेलो, तेव्हा मी एका कोपऱ्यातल्या लहानशा दगडापाशी इतका वेळ का बसून राहिले, असे तू परतताना विचारलेस. गाडीत परका माणूस असल्यामुळे मी बोलले नाही.

तो दगड आपल्या पोळपाटाएवढाच होता. संगमरवरात अक्षरे कोरून त्यांत शिसे भरण्याची तेव्हा पद्धत होती. त्यातले पुष्कळसे शिसे आता निखळले आहे आणि ते धरून ठेवण्यासाठी पाडलेली बारीक छिद्रे तेवढी उरली आहेत. मी ती बोटाने चाचपत वाचली. वडिलांचे नाव, आईचे नाव, 'यांचा तान्हा मुलगा', आणि वय अकरा दिवस. मुलाचे नाव त्यावर नव्हतेच.

तुझ्याआधी मला एक मुलगा झाला होता, हे तुला ठाऊक आहे. तो नवव्या दिवशी गेला, म्हणजे बारसे व्हायच्या आधीच. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला आपल्यात अग्नी देत नाहीत, म्हणून तुझे बाबा आणि काका त्याला दुपट्यात गुंडाळून माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमाकडे घेऊन गेले. खड्ड्यात मीठ घातले आणि कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवले, एवढेच मला पुढे कळले. बाळंतिणीने तिकडे जायचे नसते. घरात मोठ्यांनी सांगितले की त्याचा विषय काढू नये, म्हणजे पुढचे मूल लवकर होते. त्यांनी ते मायेनेच सांगितले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु ज्याला नावच नव्हते त्याचा विषय तरी कोणत्या शब्दाने काढावा, हे मला तेव्हा कळले नाही आणि पुढे अनेक वर्षे कळले नाही.

पुढे मी माहुलीला पुष्कळदा गेले. तिथे थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे, महाराणी ताराबाईंची आहे, आणि महाराजांचा प्राण वाचवणारा म्हणून ज्याची कथा सांगतात त्या खंड्या कुत्र्याचीही आहे. राजाने आपल्या जिवाभावाच्या मुक्या प्राण्यासाठी दगड उभा केला, हे मला फार योग्य वाटते. त्या दगडापुढे उभी राहून मी नदीच्या काठाकडे पाहत असे. दर पावसाळ्यात पुराने काठ खचतो, गाळ येतो. तुझ्या बाबांनाही ती जागा आता दाखवता येत नाही.

पाचगणीच्या त्या आईबापांविषयी मी विचार करते आहे. साहेब लोकांच्या बदल्या होत, मायदेशी परत जावे लागे, आणि पुन्हा या डोंगरावर येणे बहुधा होणार नाही हे त्यांना दगड घडवताना ठाऊक असणार. तरी त्यांनी तो घडवला. आणि नाव नव्हते म्हणून ते अडले नाहीत. आपलीच नावे त्यांनी त्याला दिली.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांच्या युद्धकबर आयोगाने मृत सैनिकांच्या घरच्यांना कबरीवर आपली एक ओळ कोरून घेण्याची मुभा दिली होती, आणि तिला मोकळ्या जागा धरून ६६ अक्षरांची मर्यादा होती. पोटचा मुलगा गमावलेली आई कागदावर अक्षरे मोजत बसली असेल, हे आठवले की माझा हात थांबतो. गेले चार दिवस मीही तेच करते आहे.

मी इथल्या पाथरवटाकडे जाऊन आले. संगमरवर नको, आपला काळा पाषाणच घ्यावा, असे त्याचे म्हणणे पडले. त्यात टाकीने अक्षर खोल उतरते आणि शिसे भरावे लागत नाही. दगड नदीकाठी बसवायचा नाही, परसातल्या चाफ्याखाली बसवायचा आहे. तुझ्या बाबांना मी हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, परंतु संध्याकाळी त्यांनी तिथली जमीन स्वतः खुरप्याने साफ केली. ओळीत त्यांचे नाव, माझे नाव, 'यांचा पहिला मुलगा', आणि नऊ दिवस, एवढे ठरले आहे. 'सोनूचा दादा' असे त्याखाली घालावे, अशी माझी इच्छा आहे. ते तुला चालेल का, एवढे कळव. पाथरवट सोमवारी काम धरणार आहे.

तुझी,
आई