अव्या, ट्यूब पाठवत नाहीये, त्याऐवजी हे पत्र

प्रिय अव्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "बधीर करायच्या क्रीमच्या तीन ट्यूबा कुरिअर कर, एक मला, दोन ताईला, घरूनच लावून जातो म्हणजे तिथं वेळ जायला नको." लेका, मित्राचं मेडिकल आहे म्हणून काय काहीही मागवशील का. चिठ्ठीशिवाय ती ट्यूब मी सख्ख्या भावाला पण देत नाही. पण नुसतं नाही म्हणून फोन ठेवला असता तर तू ऑनलाइन मागवली असतीस हे मला पक्कं माहितीये, म्हणून एवढं टाइप करत बसलोय, दुकानात आत्ता गिऱ्हाईक पण नाही.

आधी तुझ्या चेहऱ्यावरच्या खड्ड्यांचं बघू. डॉक्टरांनी एमएनआरएफ सांगितलंय ना, म्हणजे बारीक सुया आत जाणार आणि टोकाशी उष्णता सोडणार. मी पण करून घेतलंय, दुखतं, पण तू घाबरलायस तेवढं नाही. आपल्याकडे जी क्रीम मिळते, प्रिलॉक्स वगैरे, त्यात लिग्नोकेन 2.5 टक्के आणि प्रिलोकेन 2.5 टक्के असतं. ही दोन्ही औषधं वेगवेगळी ठेवली तर घट्ट पांढरी पावडर, पण एकत्र केली की आपोआप तेलासारखी पातळ होतात, म्हणून कातडीच्या वरच्या थरातून आत उतरतात. वेळ मात्र लागतो रे. तासभर झाकून ठेवली तर साधारण 3 मिलीमीटरपर्यंत बधीर होतं, दोन तास ठेवली तर 5 पर्यंत. चेहऱ्याची कातडी पातळ त्यामुळे तिथं लवकर चढते, पण उतरते पण लवकर, म्हणजे तू घरून लावून निघालास आणि ट्रॅफिकमध्ये अडकून मग वेटिंगमध्ये बसलास तर सुया लागायच्या वेळेला बरंचसं उतरलेलं असू शकतं. शिवाय हेल्मेटच्या आत घाम येऊन क्रीम डोळ्यात गेली तर बघायलाच नको, ती अल्कली असते, बुबुळाला जखम होते आणि डोळा बधीर झाल्यामुळे कळत पण नाही.

क्लिनिकमध्ये काय करतात सांगतो. तोंड धुवायला लावतात, मग ती सिस्टर लाकडी चपट्या काडीनं पांढरा जाड थर देते, डोळे आणि ओठ सोडून, वरून प्लॅस्टिक. थोड्या वेळानं गाल आपला नाहीच असं वाटायला लागतं. गॉजनं पुसून काढलं की कातडी ठिकठिकाणी पांढरीफटक दिसते, घाबरू नको, त्या क्रीमनं तसं होतंच. बोट लावलेलं, दाबलेलं कळतं, टोचलेलं कळत नाही. कारण वेदना नेणारे बारीक तंतू आधी बंद पडतात, दाब नेणारे जाड तंतू बराच वेळ चालू राहतात. गालावर मला काहीच जाणवलं नाही, पण जबड्याच्या हाडावर आणि कपाळावर चांगलंच झोंबलं. सुई खोल लावली की क्रीम पुरत नाही एवढं मनात धरून जा.

आणि तुझे ते पसरट खड्डे, त्यांना सबसिजन करू म्हणाले ना, म्हणजे कातडीखाली सुई घालून खड्डा आत ओढणारे तंतू तोडायचे, त्याला क्रीमचा काही उपयोग नाही, तिथं इंजेक्शननंच भूल देतात. औषध आत जाताना जळजळतं कारण ते आम्ल असतं, अॅड्रेनालिनवालं तर जास्तच. त्यात थोडं सोडा बायकार्ब मिसळलं, सुई बारीक घेतली आणि हळूहळू सोडलं तर निम्मा त्रास वाचतो. बिनधास्त विचार डॉक्टरांना, चांगला डॉक्टर चिडत नाही.

आता ताईचं. खरं तर ट्यूब न पाठवायचं कारण तीच आहे. तिला दोन्ही पायांचं लेझर करायचंय आणि पार्लरवाली म्हणाली घरून क्रीम लावून, प्लॅस्टिक गुंडाळून या. अजिबात नाही. अमेरिकेत अगदी असंच करून 22 आणि 25 वर्षांच्या दोन मुली गेल्यात, पायांना जास्त तीव्रतेची क्रीम चोपडली, वरून प्लॅस्टिक, मग फिट्स, कोमा आणि मृत्यू. तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, 2007 मध्ये त्यावर जाहीर इशारा काढला होता. कातडीतून गेलं तरी औषध शेवटी रक्तातच जातं ना. एमला म्हणजे हीच क्रीम दुसऱ्या नावानं, तिच्या ब्रिटिश माहितीपत्रकात लेझरसाठी मोठ्या माणसाला जास्तीत जास्त 60 ग्रॅम आणि 600 चौरस सेंटिमीटर एवढीच मर्यादा आहे, दोन पाय म्हणजे त्याच्या कितीतरी पट. त्यात प्लॅस्टिकनं आणि उष्णतेनं आत जाणं अजून वाढतं. ऑनलाइन टॅटूच्या नावाखाली 10 टक्केवाल्या ट्यूबा विकतात त्या तर हातात पण घेऊ नको म्हणावं, 2024 मध्ये एफडीएनं 4 टक्क्यांच्या वरच्या बिनचिठ्ठीच्या मालाबद्दल परत कान उपटलेत. ओठांभोवती मुंग्या, तोंडात लोखंडासारखी चव, कानात आवाज, गुंगी, यातलं काही झालं तर लगेच पुसून थेट हॉस्पिटल, पडून बघू वगैरे नाही.

आणि लेझरला आपल्यासारख्या सावळ्या कातडीत थोडं दुखणं कळायलाच हवं. सगळं बधीर असलं तर चटका बसतोय हे ती सांगणार कसं? मशीनच्या टोकाला गारवा असतो, नंतर बर्फ, पायाला तेवढं पुरतं. बिकिनी लाइन किंवा वरचा ओठ असेल तर थोडीशी क्रीम, ती पण तिथल्या डॉक्टरनं सांगितली तर.

अजून एक, तुझ्या त्या जुन्या पुरळाला डॅप्सोन चालू होतं, अजून घेतोस का? घेत असशील तर आधी सांग त्यांना. प्रिलोकेन आणि डॅप्सोन एकत्र आलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होऊ शकते, ओठ निळे पडतात. जी-सिक्स-पीडी, म्हणजे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम, जन्मापासून कमी असणाऱ्यांनाही तोच धोका. लिव्हरचं, हार्टबीटचं काही असेल तेही सांगायचं, आणि पूर्वी दातवाल्याकडे भुलीच्या इंजेक्शननं रिअॅक्शन आली असेल तर ते सगळ्यात आधी.

ताईला आजच फोन कर, तिची अपॉइंटमेंट शनिवारची आहे म्हणालास ना. मी केला तर म्हणेल हा सांगलीत बसून शहाणपणा शिकवतो. आणि तुझ्या डॉक्टरांची चिठ्ठी व्हॉट्सअॅप कर, त्यांनी नाव लिहिलेलं असेल तर तेवढीच पाठवतो, पैसे मात्र घेणार, मागच्या वेळचे पण राहिलेत. काकूंना नमस्कार.

तुझा,
पिंट्या