साकडे कोणी घातले?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान चारवर आमच्या मंडळीची बातमी आली. एरवी नाताळ सोडला तर आपल्या दैनिकाला आमच्या चर्चचा रस्ता सापडत नाही, तेव्हा आनंदच व्हायला हवा होता. मथळा असा : 'भाऊंच्या विजयासाठी ख्रिस्ती बांधवांचे प्रभू येशूला साकडे'. खाली चार कॉलमी रंगीत फोटो. त्या फोटोत भाऊंच्या उजव्या खांद्यामागे पांढऱ्या शर्टातला, मान खाली घातलेला, डोळे मिटलेला जो टकला गृहस्थ दिसतो, तो मी.

सकाळी साडेसातपासून फोन चालू आहेत. मी छत्तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे फोन करणाऱ्यांना तोटा नाही. परतूरचा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, तुम्ही बी भाऊकडं गेलात व्हय?" दुसऱ्यानं अभिनंदन केलं. बीडच्या मेहुण्यानं विचारलं, किती मिळाले? तो गमतीनं विचारत होता असं मी धरून चालतो.

आता घडलं ते सांगतो. रविवारी नेहमीप्रमाणे उपासना चालू होती. वचनं वाचून झाली, उपदेश झाला, मध्यस्थीची प्रार्थना सुरू झाली. ही प्रार्थना दर रविवारी असते. तीत राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, न्यायाधीश, जिल्ह्याचे अधिकारी यांच्यासाठी मागणं असतं. मग आजारी, विधवा, परीक्षेला बसलेली लेकरं. यंदा सोयाबीन पाण्यात गेलेल्यांचीही त्यात भर पडली आहे. आमच्यात प्रार्थनेला डोळे मिटायची रीत आहे. माझ्या पुढच्या बाकावर, म्हणजे पहिल्याच, एक आजी बसतात. वय नव्वदीच्या घरात, ऐकू कमी येतं म्हणून पुढे. मी डोळे मिटले तेव्हा माझ्यासमोर आजी होत्या. आमेन म्हणून उघडले तेव्हा भाऊ होते.

मधल्या तीन-चार मिनिटांत भाऊ, आठ-दहा कार्यकर्ते आणि एक कॅमेरावाला बाजूच्या दारानं आत आले, आजींना दंडाला धरून उठवलं आणि तबलजीच्या मागे खुर्चीत नेऊन बसवलं. त्यांना वाटलं पवित्र सहभागितेला, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, पुढे बोलावलंय. पंढरपूरच्या शासकीय महापूजेला निदान रांगेतल्या वारकरी जोडप्याला मुख्यमंत्र्यांच्या शेजारी बसायचा मान मिळतो. इथं जी बाई रांगेत पहिली होती तिलाच उठवलं.

आपला फोटो पुन्हा एकदा नीट पाहा. सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत, उघडे एकट्या भाऊंचे. ते कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. साकडं घालताना कॅमेऱ्याकडे बघतात का, एवढं तरी उपसंपादकांच्या ध्यानात यायला हवं होतं. वार्ताहर तर आत आलेच नव्हते. बातमी व्हॉट्सॲपवर आली असणार, कारण आणखी दोन दैनिकांत ती काना-मात्रेचा फरक न करता तशीच आहे, साकड्यासकट.

(उपासना संपल्यावर भाऊंना शाल आणि श्रीफळ दिलं गेलं, हे खरं. चर्चमध्ये श्रीफळ मीही पहिल्यांदाच पाहिलं. शाल आधीपासून घडी घालून कुणाच्या पिशवीत तयार होती, हे मी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत विचारणार आहे. तो आमच्या घरातला मामला आहे.)

विजयासाठी प्रार्थना आमच्या पद्धतीत नाही, महोदय. बायबलात प्रेषित पौलाच्या नावानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं सांगितलंय, ते कशासाठी, तर आपल्याला शांतपणे, सुखानं जगता यावं म्हणून. गादीवर कोण आहे ते तिथं विचारलेलं नाही. परंपरा सांगते की तेव्हा रोमला नीरो होता, आणि त्याच्याच राज्यात पौलाला मारलं. आता नीरोसाठी कुणी 'प्रचंड बहुमतानं विजयी होवोत' असं मागितलं असेल का, हे आपणच ठरवा.

आमची मंडळी जुनी आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली ते निजामाच्या मुलखात, सालारजंग दिवाण असताना. तेव्हा प्रार्थनेत निजामसरकारचं नाव असे आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. आजोबा सांगत, पोलीस ॲक्शन झाली, १७ सप्टेंबर १९४८च्या शुक्रवारी निजामानं हात टेकले, आणि रविवारी पाळकांपुढे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंपुढे, पेच पडला की आता नाव घ्यायचं कुणाचं? जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर होऊन आलेले, त्यांचं पूर्ण नाव इथं कुणाला धड ठाऊक नाही. शेवटी 'जे कोणी आमच्यावर असतील ते' एवढंच म्हणून वेळ मारून नेली.

मी स्वतः पाहिलेलं मात्र १९७७चं. तेव्हाचे आमचे पाळक नावांचा एक पुठ्ठ्याचा तुकडा प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवत. नावं शिसपेन्सिलीनं. फेब्रुवारीत राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद वारले तेव्हा त्यांचं नाव खोडून उपराष्ट्रपती जत्तींचं लिहिलेलं मला आठवतं, कारण खोडरबर माझ्या कंपासपेटीतला होता. त्याखाली इंदिरा गांधी, त्याखाली आपले शंकरराव चव्हाण. आणीबाणी चालू होती. वडिलांच्या शाळेतले एक शिक्षक मिसाखाली, म्हणजे विनाचौकशी डांबायच्या कायद्याखाली, आत होते, आणि इंदिराबाईंचं नाव आलं की वडिलांना आमेन म्हणवत नसे. ते खोकत. दर रविवारी, नेमक्या त्या जागी. आईला फार लाज वाटे. आपण चर्चमध्ये आहोत की दवाखान्यात, असं ती घरी आल्यावर विचारी.

मार्चमध्ये निवडणूक झाली. २४ तारखेला, गुरुवारी, मोरारजींचा शपथविधी झाला आणि २७ला रविवार आला. त्या दिवशी वडील घशाला मफलर न गुंडाळता, ताठ बसले होते. पाळकांनी जत्तींचं नाव घेतलं, मोरारजी देसाईंचं घेतलं. वडिलांचं आमेन मागच्या भिंतीपर्यंत गेलं असेल. शंकरराव झाले. मग पाळक थांबले, पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "आणि इंदिराबाईंसाठी." वडिलांना खोकायचंही सुचलं नाही.

उपासना सुटल्यावर दारात हात मिळवताना वडिलांनी विचारलंच, "साहेब, आता बाईंचं काय?" पाळक म्हणाले, "मास्तर, अकरा महिने झाले मला इथं येऊन, दर रविवारी नाव घेतोय. हरल्या म्हणून एकदम कसं टाकू? एक रविवार जाऊ द्या." पुढचा रविवार झावळ्यांचा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा, होता. त्या दिवशी नाव नव्हतं. पुठ्ठ्यावर तेवढ्या जागी खोडून खोडून भोक पडलं होतं.

ते पाळक काँग्रेसचे होते की जनता पक्षाचे, हे आम्हाला कधीच कळलं नाही. आपल्या कालच्या बातमीनं मात्र सध्याच्या पाळकसाहेबांचा पक्ष एका मथळ्यात ठरवून टाकला. त्यांना आपण 'फादर' म्हटलंय, तेही चूक. फादर कॅथलिकांत असतात, आमचे पाळक, रेव्हरंड. हे मी याआधी दोन पत्रांतून कळवलं आहे, दोन्ही आपण छापली नाहीत.

आचारसंहिता लागल्यावर प्रार्थनास्थळ प्रचारासाठी वापरता येत नाही, हे भाऊंना माहीत आहे. म्हणूनच ती लागायच्या आधी आले. जाताना दफनभूमीच्या भिंतीचं आश्वासन देऊन गेले. हे तिसरं. पहिल्या दोन वेळी ते दुसऱ्या पक्षात होते.

माझं मागणं थोडकं आहे. उद्याच्या किंवा परवाच्या अंकात खुलासा छापा : विजयासाठी कुठलीही प्रार्थना झालेली नाही, नेहमीची झाली, आणि त्या वेळी भाऊ तिथं आले. भाऊंच्या नावाचा त्या प्रार्थनेत उल्लेख नव्हता, कारण ते सध्या कुठल्याच पदावर नाहीत. निवडून आले तर त्यांचंही नाव येईल, त्यासाठी त्यांना फोटो काढावा लागणार नाही. कोपऱ्यात दोन ओळींत नको, पान चारवर, त्याच जागी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जालना
(नाव छापू नये. फोटो आपण छापलेलाच आहे.)

ता. क. – मागच्या गुड फ्रायडेला आपल्या दैनिकात भाऊंची पाव पान जाहिरात होती, 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा'. तो येशूच्या वधस्तंभाचा दिवस आहे. त्या दिवशी आमच्यात घरोघरी उपास असतो आणि दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये बसून आम्ही त्याचं मरण आठवतो. शुभेच्छा द्यायच्याच असतील तर पुढे दोन दिवसांनी ईस्टर येतो. जाहिरात विभागाला कळवावे, ही विनंती.