सरासरी नको, चोवीस तासांचा पाऊस छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘जिल्ह्यात पाऊस सरासरीएवढाच’ ही कालच्या अंकातली बातमी वाचून राहवलं नाही. आकडे चुकले असं माझं म्हणणं नाही. पण जूनपासूनच्या पावसाची बेरीज करायची आणि तेवढ्यावर नदीकाठाला ‘चिंतेचं कारण नाही’ म्हणून सांगायचं, हे मला मुळीच पटलेलं नाही. कोल्हापूरची पंचगंगा पात्राबाहेर पडते ती वर गगनबावडा-राधानगरीकडं दोन-तीन दिवसांत काय कोसळलं त्यावर. जून कोरडा गेला म्हणून ती थांबत नाही.

माझ्या गोठ्याचंच सांगतो. २००५ च्या महापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५० फुटांच्या आसपास होतं आणि आमच्या गोठ्यात गुडघाभर. एवढं पाणी उभ्या जन्मात बघितलं नाही, असं वडील म्हणाले. म्हणून नवा गोठा बांधताना गवंड्याला ती खूण दाखवली आणि जोतं खुणेच्या दोन फूट वर घ्यायला लावलं. निम्मा पैसा मुरमाच्या भरावातच गेला. २०१९ च्या ऑगस्टात बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि त्या उंच जोत्यावर म्हशींच्या पोटाला पाणी लागलं. रात्री दोन वाजता विळ्यानं दावी कापली. रेडकू गुऱ्हाळाच्या काहिलीत घालून भावानं छातीभर पाण्यातून ढकलत नेलं. गाभण म्हैस हाती लागली नाही. पाणी उतरल्यावर उसाच्या सुरळ्या गाळानं भरलेल्या होत्या, कांडं मोडलं की आंबूस वास यायचा.

दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच. २०१९ ला पाणी निदान काही दिवस चढत होतं. या वेळी सामान बांधायलाही सवड मिळाली नाही. त्याच पावसात, कृष्णेच्या उगमाशी महाबळेश्वरला, २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. हा आकडा महिन्याच्या सरासरीत मिसळून टाकल्यावर त्यातून कुणाला काय कळणार?

पाऊस बदललाय हे आम्ही शेतकरी सांगतो तेव्हा कुणी मनावर घेत नाही. पण पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्येच दाखवून दिलंय की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्याच काळात मोसमी पावसाची बेरीज मात्र घटली. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे लोट त्यामागं आहेत. तो अभ्यास आपल्या खोऱ्यापुरता नाही, हे मान्य. पण बेरीज कमी आणि झोड जास्त, हे आम्ही इथं भोगतोय.

नदीकाठच्या बांधकामासाठी आखलेल्या पूररेषांत निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असं धरतात. माझ्या गोठ्यात सोळा वर्षांत तीनदा पाणी शिरलं. २०१९ आणि २०२१ चं पाणी हिशेबात धरून दोन्ही रेषा तपासल्याशिवाय नदीकाठच्या एकाही बांधकामाला परवानगी देऊ नये. मी २००५ ची खूण धरून फसलो, तीच चूक आता सगळ्या शहरानं करू नये.

आणि एक तुमच्याबद्दल. पूर्वी तुम्ही पावसाचा तालुकावार तक्ता रोज छापत होता, तो का बंद केला? गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळ्याचा चोवीस तासांचा पाऊस आणि बंधाऱ्याची पातळी पहिल्या पानावर द्या. बंधाऱ्यावर इशाऱ्याची पातळी ३९ फुटांची आहे. तोवर वाट बघत बसलो तर आमच्या नदीकाठच्या मळीतली वाट पाण्याखाली गेलेली असते. वरच्या तालुक्यांत काय पडलं ते सकाळी कळलं, तर दुपारपर्यंत जनावरं हलवता येतात. पावसाळ्यात अंक आमच्या गावात दहाला पोचतो, तेवढं वितरण विभागाला सांगावं.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. करवीर, जि. कोल्हापूर