गप वाच, मिनिटमेनबद्दल लिहितोय

सम्या,

फोनवर सांगायला घेतलं की तू मधेच तुझंच सुरू करतोस, म्हणून लिहितोय. गेला महिनाभर मी मिनिटमेनशिवाय काही ऐकलेलं नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रो बंदरातली तीन पोरं, १९८० ला बँड काढला, पंकच, पण तुला वाटतं तसा नुसता धिंगाणा नाही, मधेच फंक मधेच जॅझ, आणि गाणी एवढुशी की चहाला उकळी येईपर्यंत तीन-चार उरकतात. १९८१ ची त्यांची 'द पंच लाइन' ही रेकॉर्ड घे, १८ गाणी आणि सगळी मिळून १५ मिनिटं!

पण मी अडकलो ते डी. बून आणि माइक वॉटच्या दोस्तीत. पोरं बाहेर उंडारू नयेत म्हणून डी. बूनच्या आईनं दोघांना घरात वाजवत बसवलं. वॉटला दिला बास, आणि त्या येड्याला बास आणि गिटार वेगळे असतात हेच ठाऊक नव्हतं (तुला हसायचा हक्क नाही, गच्चीवरचा पहिला दिवस आठव). ड्रमवर जॉर्ज हर्ली. डी. बून गिटारचा आवाज मुद्दाम पातळ, टोकदार ठेवायचा, म्हणजे बास आणि ड्रमला जागा मिळेल, तिघांत कुणी मोठा नको. आपल्याकडे कोण अँप फुल्ल करायचं ते मी बोलत नाही.

१९८३ संपता संपता त्यांचा अख्खा अल्बम तयार होता. तेवढ्यात कळलं की त्यांच्याच एसएसटी या रेकॉर्ड कंपनीचा हस्कर डू हा दुसरा बँड डबल अल्बम काढतोय, मग हे पेटले, आणखी ढीगभर गाणी लिहिली आणि १९८४ ला 'डबल निकल्स ऑन द डाइम' आला, दोन एलपी, चाळीसच्या वर गाणी, आणि खर्च काटकसरीचा, त्यांचा सगळा कारभारच तसा, टूरला व्हॅन स्वतः चालवायची, सामान स्वतः उचलायचं. तीन बाजूंची गाणी तिघांनी एकेक बाजू वाटून निवडली, उरलेली चौथीवर, आणि तिला नाव काय तर 'चाफ', म्हणजे आपला कोंडा! मला त्या कोंड्यातलीपण आवडतात, पण तू पहिल्या बाजूपासून ऐक.

२२ डिसेंबर १९८५ ला ॲरिझोनात व्हॅनचा अपघात झाला, डी. बून गेला. २७ वर्षांचा. बँड तिथेच संपला. वॉट वाजवायलाच तयार नव्हता, शेवटी ओहायोहून एक फॅन, एड क्रॉफर्ड, थेट दारात येऊन उभा राहिला आणि त्याच्यासोबत फायरहोज हा नवा बँड सुरू झाला. ते मी अजून नीट ऐकलेलं नाही, धीर होत नाही.

माझा बास आईकडे माळ्यावर आहे, दोन तारा गेल्यात. दिवाळीत येतोयस ना? अँप आण. आवाज निम्म्यावर.

तुझा,
पक्या