आई-बाबा, स्विमिंग पूलचं सर्टिफिकेट आलं

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

आमच्या स्विमिंग पूलचं सर्टिफिकेट आलं, म्हणजे पूल सुरक्षेच्या नियमांत बसतो असा कागद. फोनवर नुसतं "झालं एकदाचं" एवढंच बोलता आलं कारण मधेच पिल्लू उठला, आणि बाबा तुम्ही विचारलंत की आपल्याच घरामागच्या पाण्याला सरकारचा कागद कशाला लागतो, ते सांगायचं राहूनच गेलं. दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाहीये ते म्हणून सविस्तर लिहितेय. दादा-वहिनीलापण वाचायला द्या, शेवटचं त्यांच्यासाठीच आहे.

आम्ही हे घर घेतलं तेव्हा करारपत्राला जो कागद जोडलेला होता तो नापास पूलचा होता, म्हणजे पूल तपासलाय पण नियमात बसत नाही असं लिहून दिलेलं. इथे ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात २९ एप्रिल २०१६ पासून पूल असलेलं घर विकायचं असेल तर करारासोबत पास किंवा नापास असा कुठलातरी कागद लावावाच लागतो, आणि नापास असेल तर घर ताब्यात आल्यापासून ९० दिवसांत सगळं दुरुस्त करून घ्यायची जबाबदारी नवीन मालकाची. भाड्याने द्यायचं असेल तर नापास कागद अजिबात चालत नाही. मूळ कायदा १९९२ चा आहे. प्रत्येक घरगुती पूलची राज्याच्या ऑनलाइन रजिस्टरवर नोंद करावी लागते, आणि पूल म्हणजे नुसता मोठा फरशीवाला पूल नाही बरं का, ज्यात ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त खोल पाणी भरता येतं ते सगळं पूलच धरतात, मग तो दुकानातून आणलेला फुगवायचा का असेना. आपल्या हिशोबाने एक फूटभर पाणी. त्यालापण कुंपण लागतं.

आई तुला वाटलं होतं की पाणी स्वच्छ आहे का, क्लोरीन बरोबर आहे का ते बघायला माणूस येत असेल. तसं नाहीये. आमच्याकडे कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस आला त्याने पाण्याकडे फारसं बघितलंच नाही. त्याचं सगळं लक्ष कुंपणावर. मेजरिंग टेप काढली आणि कुंपणाभोवती फिरायला लागला, वाकून, बसून, एका ठिकाणी तर गुडघ्यावर टेकून, आणि मला तेव्हा कळलं की हा माणूस सगळं दोन-तीन वर्षांच्या पोराच्या उंचीवरून बघतोय. मी त्याच्या मागे मागे फिरत प्रत्येक गोष्ट विचारून घेतली आणि त्यानेही न कंटाळता समजावून सांगितलं.

कुंपण बाहेरच्या बाजूने मोजून कमीत कमी १.२ मीटर उंच पाहिजे. खालची फट १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि दोन उभ्या पट्ट्यांमधलं अंतरपण तेवढंच, कारण त्याहून मोठी जागा मिळाली तर लहान पोर त्यातून घुसू शकतं. आमच्या एका कोपऱ्यात पावसाने माती वाहून गेली होती आणि खाली चांगला खड्डा पडलेला, वरून गवत वाढल्यामुळे कुणाला दिसायचंच नाही, त्याने तिथे हात घालून दाखवला. बाकी ९०० मिलिमीटरचा नियम आहे, कुंपणाच्या आसपास तेवढ्या अंतरात पाय ठेवून चढता येईल असं काहीही असता कामा नये. कुंडी नको, खुर्ची नको, खेळण्याची गाडी नको, झाडाची लोंबणारी फांदी नको. आमच्याकडे पूलच्या पंपाची पेटी नेमकी कुंपणाला चिकटून बाहेरच्या बाजूला होती, त्यावर उभं राहिलं की १.२ मीटरचं कुंपण पिल्लूच्या कमरेला येतं. ती हलवायला प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन दोघं लागले, खर्च सगळ्यात जास्त तिथेच झाला. शेजाऱ्यांच्या बाजूची भिंत लाकडाची आहे, ती पूलचं कुंपण म्हणून धरायची तर आपल्या बाजूने १.८ मीटर उंच लागते आणि तिच्या वरच्या ९०० मिलिमीटरमध्ये आपल्या बाजूने पाय टेकायला जागा नको, कारण पलीकडे शेजारी काय ठेवेल त्यावर आपला काही ताबा नसतो. तिथे जुन्या मालकाने मातीचा उंच वाफा केला होता फुलझाडांसाठी, त्यामुळे भिंत तेवढी बुटकी झालेली. तुमच्या जावयांनी सुट्टीच्या दिवशी ती सगळी माती उपसून पुढच्या अंगणात नेऊन टाकली.

गेटजवळ मात्र तो सगळ्यात जास्त वेळ थांबला. पूलचं गेट पूलच्या बाहेरच्या दिशेलाच उघडायला पाहिजे, म्हणजे पोराने बाहेरून अंगाने ढकललं तर ते उघडायच्या ऐवजी बंदच होतं. आणि सोडलं की आपोआप लागलं पाहिजे, कुणी हात न लावता, आणि कडीसुद्धा आपली आपण बसली पाहिजे. त्याने गेट पूर्ण उघडून सोडलं, लागलं. अर्ध्यावरून सोडलं, लागलं. मग कडीला जेमतेम टेकवून हलकेच सोडलं तर गेट तसंच टेकून राहिलं, कडी बसलीच नाही. लांबून बघणाऱ्याला अगदी बंद दिसत होतं. मी एवढे दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेच गेट बघत होते आणि बंद आहे असं समजून निवांत होते, ते बघून माझ्या पोटात गोळा आला खरंच. बिजागऱ्यांमधली स्प्रिंग ढिली पडली होती. नवीन बिजागऱ्या आणि नवीन लॅच बसवलं, त्याची कळ जमिनीपासून १.५ मीटरवर आहे, पिल्लूचा हात अजून बरीच वर्षं पोहोचणार नाही.

बाथरूमची खिडकी पूलच्या बाजूला उघडते, तिलाही त्याने सोडलं नाही, तिला आता असं लॉक आहे की ती १०० मिलिमीटरच्या वर उघडतच नाही. आणि एक पाटी, सीपीआर (श्वास थांबलेल्या माणसाची छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन करायची मदत) कसा द्यायचा त्याच्या चित्रांची, ती पूलजवळ लावावीच लागते आणि ३ मीटरवरून वाचता आली पाहिजे. आमची उन्हाने पांढरी पडली होती, नवीन आणली. बाबा तुम्ही पैसे विचारणार मला माहितीये, पहिल्या तपासणीचे १५० डॉलर आणि दुरुस्तीनंतर परत आला त्याचे १००. सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं.

आता माझं मत सांगते. १ ऑगस्ट १९९० च्या आधी बांधलेल्या पूलना इथे अजून सवलत आहे, घर आणि पूल यांच्यामध्ये कुंपण नसलं तरी चालतं, घराचे दारं-खिडक्या पोरांना उघडता येणार नाहीत अशा असल्या की झालं. मला हे पटत नाही. पाणी जुन्या पूलमध्येही तेच असतं, आणि घराचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, कुणीतरी एकदा तरी ते उघडं टाकतंच. चारी बाजूंनी कुंपण आणि आपोआप लागणारं गेट हे त्या एका वेळेसाठी असतं. कारण पोर बुडतं ते आपण हलगर्जी असतो म्हणून असं नसतं गं आई, फोन वाजतो, दूध उतू जातं, दारात कुरियरवाला येतो, प्रत्येकाला वाटतं की पोर दुसऱ्याकडे आहे, आणि दोन मिनिटं जातात. आणि सिनेमात दाखवतात तसं हात-पाय आपटून ओरडणं वगैरे काही होत नाही. तोंड पाण्यात गेलं की श्वासच नाही तर आवाज कुठून येणार. घरात दहा माणसं असली तरी कळत नाही. ऑस्ट्रेलियात ५ वर्षांखालच्या मुलांना बुडण्याचा धोका मोठा आहे, आणि त्यांच्या बाबतीत घरातला पूल हीच मोठी जागा आहे.

म्हणून तुम्ही येण्याच्या आधीच हे सगळं लिहून ठेवतेय, आल्यावर सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं लेक आल्या आल्या नियम सांगायला लागली. सर्टिफिकेट हे ज्या दिवशी तो माणूस आला त्या दिवसाचं असतं, दुसऱ्या दिवशी कुणी कुंपणाला खुर्ची टेकवली की त्याचा उपयोग संपला. बाबा, तुम्हाला सकाळी चहा घेऊन उन्हात बसायला आवडतं, बसा ना, पण खुर्ची लिंबाच्या झाडाखाली आणि उठलात की तिथेच राहू दे, कुंपणाकडे ओढायची नाही. गेटला वीट किंवा चप्पल लावून उघडं ठेवायचं नाही, हातात सामान असलं तरी नाही, दोन चकरा माराव्या लागल्या तरी चालतील. आई, तू ओले टॉवेल आणि साडी कुंपणावर वाळत घालशील, त्यासाठी वेगळी दोरी बांधून ठेवलीये. तुळस पुढच्या दारात आहे, मागे नाही, आणि हो, तिकडून मंजिऱ्या आणू नकोस, एअरपोर्टवर बियाणं चालत नाही, इथे मैत्रिणीकडून रोप मिळालंय. पूलमधून सगळे बाहेर आले की चेंडू, बदक, जे काय तरंगत असेल ते बाहेर काढायचं, पोर त्याच्यासाठीच परत जातं.

आणि मोठी माणसं पूलजवळ असली की एकाने फक्त पिल्लूकडे बघायचं, त्याने फोन घ्यायचा नाही, भाजी निवडायची नाही. उठायचं असेल तर दुसऱ्याला नाव घेऊन सांगायचं, "आता तू बघ", आणि समोरचा हो म्हणाल्यावरच उठायचं. आम्ही दोघं असंच करतो. बाथरूममध्ये बादली भरून ठेवायची तुझी सवय आहे आई, पाणी जाईल या भीतीने आयुष्यभर ठेवलीस, इथे पाणी जात नाही, तेव्हा बादली वापरून झाली की पालथी घालायची. रांगतं पोर बादलीतही बुडतं.

आम्ही दोघांनी सीपीआरचा कोर्स केला. तुम्हाला पण दाखवणार आहे, उशीवर करून घेणार आहे तुमच्याकडून. ३० वेळा छाती दाबायची, २ वेळा तोंडाने श्वास द्यायचा, परत ३०, आणि कुणीतरी ०००ला, म्हणजे इथल्या इमर्जन्सीच्या नंबरला, फोन लावायचा, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका, फोनवर नुसतं "अ‍ॅम्ब्युलन्स" म्हणायचं आणि पत्ता, तो मी फ्रिजवर देवनागरीत लिहून चिकटवलाय.

आता दादा-वहिनीसाठी. तो माणूस आमचं गेट तपासत होता ना, तेव्हा माझ्या डोळ्यापुढे सारखं आपलं शेततळं येत होतं. डाळिंबाला पाणी पाहिजे, सांगोल्यात शेततळ्याशिवाय बाग जगत नाही, ते मला माहितीये, तळं झालं तेव्हा आपण सगळ्यांनी नारळ फोडला होता. पण त्याच्या चारी बाजूंना प्लास्टिकचा कागद आहे, उतार आहे, आणि कागदावर शेवाळ धरलं की पट्टीचा पोहणारा माणूससुद्धा हात टेकून वर येऊ शकत नाही, पाय सटकतच राहतो. दादाची दोन्ही पोरं तिथे कुत्र्यामागे पळतात. तोडणीला बायका येतात त्यांची लेकरं बांधावर झोपवलेली असतात, ती उठून कुठे जातात कोण बघतं. शेततळ्यात पोरं गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात पेपरात येते, आपण हळहळतो आणि पान उलटतो.

तिथे कुणी तपासायला येणार नाही म्हणून आपणच तपासायचं. चारी बाजूंनी जाळी मारून घ्या, काटेरी तार नको, तारेच्या दोन ओळींमधून पोर वाकून सहज जातं. बारीक भोकांची उभी जाळी घ्या, पाच फुटाची, म्हणजे पाय अडकवून चढता येत नाही, आणि खाली मातीत थोडी गाडा नाहीतर कुत्रं उकरतं आणि त्याच वाटेने पोर जातं. बांधावरची दगडं आणि ड्रिपच्या पायपांची भेंडोळी जाळीपासून लांब हलवा. गेट एकच ठेवा, बाहेरच्या बाजूला उघडणारं, स्प्रिंगच्या बिजागऱ्यांचं, कडी वरती. मोटर चालू करायला गडी रोज जातो, त्यालाही नीट समजावून सांगा की गेट लावल्याशिवाय यायचं नाही, मालक म्हणतात म्हणून नाही तर का ते सांगा. आणि चारी काठांवर मजबूत खुंटी रोवून जाड दोरखंड पाण्यात सोडून ठेवा, हातहातभर अंतरावर गाठी मारून, शक्य असेल तर जुन्या ट्यूब बांधून, म्हणजे कुणी पडलंच तर धरून वर यायला काहीतरी असेल. दोरी उन्हाने कुजते, दर वर्षी बदला.

वहिनी म्हणेल एवढा खर्च कशाला, पोरांना सांगितलंय तिकडे जायचं नाही म्हणून. सांगितलेलं लक्षात ठेवायचं वय नाहीये त्यांचं. दादाला म्हणावं डाळिंबाच्या औषधाचा एक हप्ता मी देते, पण जाळी यंदाच्या बहाराच्या आधी झाली पाहिजे, आम्ही पुढच्या उन्हाळ्यात पिल्लूला घेऊन गावी येणार आहोत तोपर्यंत थांबू नका, कारण दादाची पोरं आज तिथे आहेत.

बाबा, तळ्याच्या चारी बाजू टेपने मोजून, मोटर कुठे आहे आणि सध्याची वाट कुठून आहे त्याचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपला टाका, लांबी कळली की जाळी किती लागेल, अँगल किती लागतील त्याचा हिशोब तुमचे जावई बसून करतील आणि पैसे दादाच्या खात्यावर पाठवतील. मोजायला एकटे जाऊ नका, दादाला बरोबर घ्या.

व्हिसाचे कागद पोचले का ते कळवा. आईच्या बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत ठेवा.

तुमची लेक